सहा अक्षरांचा वाडगा आणि ८५ हजार रुपये

पत्र, थोडक्यात:

"माझे आजेसासरे फोर्टातल्या एका पारशी पेढीवर हिशेबनीस होते. पेढीचा पूर्वीपासून चीनशी व्यापार. ते निवृत्त झाले तेव्हा शेटजींनी त्यांना एक चिनी मातीचा वाडगा भेट दिला. पांढरा, बाहेरून गुलाबी-हिरवी फुलं, बुडाला निळी सहा चिनी अक्षरं. गौरी-गणपतीत आम्ही त्यात पंचामृत कालवतो. भाच्याने फोटो काढून फोनवर शोधलं, तर अक्षरं छ्येनलोंग बादशहाची निघाली. त्याने फोटो फेसबुकवर टाकला. आठवड्याभरात हाँगकाँगच्या एका लिलाव कंपनीचा मेसेज आला की वाडगा साडेतीन कोटींना जाईल. कॅटलॉग आणि विम्याचे ८५ हजार आधी भरायचे, मग कुरिअरने वाडगा पाठवायचा. मुदत महिनाअखेर. यजमान पैसे भरायला तयार आहेत. धाकटे दीर म्हणतात, अर्धा वाटा आमचा. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात वस्तू घराबाहेर जाणार नाही. मी काय करू?" — एक वाचक, गिरगाव

ताई,

पैसे भरू नका. पुढचं सगळं सावकाश वाचा, पण एवढं आज रात्रीच यजमानांना सांगा.

खरी लिलाव कंपनी विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही. फोटो पाहून अंदाज सांगण्याचे मोठ्या कंपन्या काहीच घेत नाहीत. वस्तू विकली गेली की दलाली, विमा, छपाई असा जो खर्च ठरलेला असेल तो विक्रीच्या रकमेतून कापतात आणि उरलेले पैसे तुम्हाला देतात. त्यांची कमाई वस्तू विकण्यात असते. जो आधी पैसे मागतो त्याची कमाई तुमच्या ८५ हजारांत आहे, वाडग्याशी त्याला देणंघेणं नाही. मुदत घालणं हाही त्याच धंद्याचा भाग.

मी पंचवीस वर्षं संग्रहालयात चिनी मातीची भांडी जोडण्या-जपण्याचं काम केलं. पुण्याच्या एका कुटुंबाची बरणी मला आठवते. त्यांनी आधी नोंदणीचे पैसे भरले, मग विम्याचे, मग "कस्टमने अडवलंय, तेवढं भरा" म्हणून आणखी. लिलाव झालाच नाही. बरणी परत आली ती कान तुटून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्या घरातल्या आजोबांनी तो तुटलेला कान रुमालात बांधून माझ्याकडे आणला होता. मी तो जोडून दिला, पण त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. वाडगा खरोखर शंभर वर्षांहून जुना असेल तर तो हाँगकाँगला पाठवणं हा गुन्हा आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. वस्तू चीनमध्ये घडली म्हणून सुटका होत नाही, कायदा वस्तूचं वय विचारतो. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं, तर त्याच्या सांगण्यावरून कुरिअरच्या फॉर्मवर सही करणारे तुमचे यजमान कायद्याच्या कचाट्यात सापडतील. आणि वस्तू जुनी नसेल तर साडेतीन कोटी कसले?

आता वाडग्याबद्दल. हे मला मनापासून लिहायचं आहे, कारण फोनवरच्या त्या शोधाने तुम्हाला सहा अक्षरांचा अर्थ सांगितला, पण ती तिथे का असतात ते सांगितलं नाही.

आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीची म्हणतो. ती जाड, जड, वेगळ्या मातीची असते. तुमच्या वाडग्याची माती निराळी. चीनच्या च्यांगशी प्रांतात जिंगदेझेन नावाचं गाव आहे. जवळच्या गावलिंग नावाच्या गावातली पांढरी माती (केओलिन हे नाव त्या गावावरूनच आलं) आणि तिथलाच एक दगड कुटून, दोन्ही मिसळून, सुमारे १३०० अंश तापमानाला भाजलं की ती पातळ, टणक, उजेड आरपार जाणारी भांडी होतात. चीनच्या मिंग आणि त्यानंतरच्या छिंग या राजघराण्यांच्या भट्ट्या याच गावात होत्या. दरबाराकडून नमुने यायचे, मापं यायची, किती नग हवेत ते यायचं. अठराव्या शतकात तांग यिंग नावाचा अधिकारी तिथे देखरेखीला आला. तो कारागिरांबरोबर जेवला, राहिला, काम शिकला, आणि त्याच्या काळात योंगझेंग व छ्येनलोंग या बादशहांसाठी जी भांडी निघाली त्यांच्यासाठीच आज हाँगकाँगमध्ये बोली लागते. पसंत न पडलेला माल मिंग काळात फोडून पुरून टाकत. जिंगदेझेनच्या झूशान भागात उत्खननात असे तुकड्यांचे ढीगच्या ढीग सापडले आहेत.

याचा अर्थ लक्षात घ्या. शाही भांडं बाजारात विकायला नव्हतं. ते राजवाड्यात जायचं. पारशी व्यापारी मुंबईतून कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला (आजचं ग्वांगझौ) जात, परतताना रेशीम, चहा, साखर आणि चिनी मातीची भांडी आणत. ती भांडीही बरीचशी जिंगदेझेनचीच, पण खाजगी भट्ट्यांची. पुष्कळांवर गुलाबी-हिरवा मिना, म्हणजे झिलईवर भाजून बसवलेला रंग, कॅन्टनमध्ये चढवला जाई, परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे. आजही जुन्या पारशी घरांच्या काचेच्या कपाटांत ती दिसतात. तुमचा वाडगा पेढीच्या शेटजींकडून आला असेल तर तो या दुसऱ्या रस्त्याने आला असण्याचा संभव कितीतरी जास्त. तो रस्ताही मुंबईच्या इतिहासाचा आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याची किंमत कोटींत नसते.

मग राजवाड्यातली भांडी बाहेर आली कशी? १८६०मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा बादशाही उन्हाळी महाल लुटून जाळला. १९००मध्ये आठ देशांच्या फौजांनी बीजिंगमध्ये पुन्हा लूट केली. दोन्ही वेळा इंग्रजांबरोबर हिंदी पलटणी होत्या. १९१२मध्ये बादशाही संपली आणि त्यानंतर राजवाड्यातल्या वस्तू गहाण पडल्या, विकल्या गेल्या. त्या सगळ्या पडझडीतून शाही वस्तू युरोप-अमेरिकेत पोचल्या. आणि इथे मुंबईचा एक माणूस मला तुम्हाला सांगायचाच आहे. पर्सिव्हल डेव्हिड, जन्म १८९२, मुंबई. बगदादी ज्यू घराणं. वडील सर ससून डेव्हिड बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. या माणसाने चिनी शिकून घेतली, चीनला गेला, आणि राजवाड्यातून निघालेल्या वस्तूंसह जवळपास १,७०० भांड्यांचा संग्रह उभा केला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चिनी सरकारी संग्रहांबाहेर याच्या तोडीचं फार थोडं असेल. डेव्हिडच्या वस्तूंचं मोल नुसत्या बुडावरच्या शिक्क्यात नाही. कोणती वस्तू कुठून आली याचा शोध घेऊन तो नोंदी ठेवत असे.

शिक्क्याचं आता सांगते. तुमची सहा अक्षरं बहुधा "महान छिंग, छ्येनलोंगच्या कारकिर्दीत घडवलेले" अशी असतील. छ्येनलोंगची कारकीर्द १७३६ ते १७९५. पण चिनी कुंभारांना जुन्या बादशहाचं नाव नव्या भांड्यावर लिहिण्यात लबाडी वाटत नसे. पूर्वजांच्या कामाला तो नमस्कार असायचा. छ्येनलोंगचे आजोबा कांग्शी बादशहा यांच्या काळात पंधराव्या शतकातल्या छंगह्वा बादशहाचं नाव लिहीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कांग्शीचं लिहीत. छ्येनलोंगचं तर गेली दोनशे वर्षं लिहिलं जातंय. त्याच्या उलटही घडलं: १६७७मध्ये जिंगदेझेनच्या न्यायाधिकाऱ्याने बादशहाचं नाव भांड्यावर घालायला बंदी केली, कारण भांडं फुटून नाव उकिरड्यावर गेलं तर अपमान. म्हणून त्या काळच्या कित्येक अस्सल भांड्यांच्या बुडाला नुसती दोन निळी वर्तुळं आहेत, आत काहीच नाही. तेव्हा शिक्का आहे म्हणून अस्सल नाही, आणि नाही म्हणून नकली नाही. फोनने फक्त अक्षरं वाचली. मीही "राजा रवी वर्मा" अशी सही कागदावर करू शकते.

एक दिवस दुपारी, घरात धावपळ नसताना, टेबलावर जाड टॉवेलची घडी घाला. अंगठ्या, बांगड्या काढा. वाडगा दोन्ही हातांनी उचलून टॉवेलवर पालथा ठेवा. बुडाच्या कड्यावर, म्हणजे वाडगा ज्यावर बसतो त्या गोल उभ्या पट्टीवर, झिलई नसेल. त्या कोऱ्या मातीवरून बोट हळू फिरवा. छ्येनलोंगकालीन शाही कामात हा कडा गोलसर, गुळगुळीत घासलेला असतो. चिनी जाणकार त्याला चिखलात राहणाऱ्या एका लहानशा माशाच्या पाठीची उपमा देतात. बोटाला खरखर लागली, वाळूचे कण चिकटलेले दिसले, झिलई कड्याशी वेडीवाकडी थांबलेली असली, तर बाजारी भट्टीची शक्यता वाढते. मग अक्षरांवरून नख न लावता बोट फिरवा. निळी अक्षरं झिलईच्या खाली असतात, हाताला लागत नाहीत. त्यांचं वळण पाहा. छ्येनलोंगच्या शाही भांड्यांवर बहुतेक वेळा शिक्क्यासारखी चौकोनी, कोनाकोनांची लिपी असते. आपण कागदावर लिहितो तशी मोकळी, कुंचल्याच्या फटकाऱ्याची अक्षरं असतील तर मी लगेच सावध होईन. एक अक्षर मोठं, एक लहान, घाईत उरकलेलं, असं असेल तरीही. राजभट्टीत अक्षरं लिहिणारा माणूस तेवढंच काम करायचा.

शेवटी खिडकीच्या उजेडात वाडगा तिरका धरा आणि झिलईवरचे ओरखडे पाहा. दीडशे-दोनशे वर्षांच्या वापराचे ओरखडे कसेही, कुठेही, जिथे हात-चमचा लागतो तिथे जास्त असे असतात. मुद्दाम जुनं दाखवायला घासलेल्या वस्तूवर ते एकसारखे, एकाच दिशेने दिसतात. तुमच्या वाडग्यात आतून पंचामृताच्या चमच्याचे ओरखडे दिसतील ते मात्र तुमचेच. यंदापासून पंचामृत चांदीच्या नाही तर स्टीलच्या वाटीत कालवा. दह्याच्या आंबटाने बाहेरचा मिना हळूहळू मरतो.

हे करून तुम्हाला निकाल मिळेल असं मी म्हणत नाही. जाणकारसुद्धा चुकतात. २०२२मध्ये फ्रान्समध्ये फोंतेनब्लोला एक निळी-पांढरी फुलदाणी लिलावाला आली. लिलाववाल्यांच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवून दीड ते दोन हजार युरोचा अंदाज छापला. ती ७७ लाख युरोला गेली. बोली लावणाऱ्यांना ती अठराव्या शतकातली वाटत होती, तज्ज्ञ मात्र आपल्या मतावर ठाम राहिला. अशा बातम्या आणि अमेरिकेत अंगणातल्या विक्रीत ३५ डॉलरला घेतलेला वाडगा २०२१मध्ये न्यूयॉर्कला ७,२१,८०० डॉलरला गेल्याची गोष्ट तुमच्या भाच्याने पाहिली असणार. त्या खऱ्या आहेत. पण रुइस्लिपची गोष्टही खरी आहे. २०१०मध्ये लंडनच्या पश्चिमेकडच्या या उपनगरात एका लहान लिलावघरात, एका घराची आवराआवर करताना मिळालेली छ्येनलोंगकालीन फुलदाणी ४ कोटी ३० लाख पौंडांना गेली, खर्चासह ५ कोटींच्या वर. जगभर गाजली. आणि घेणाऱ्याने पैसेच दिले नाहीत. विकणारे आई आणि मुलगा वाट पाहत राहिले. अखेर २०१३मध्ये ती दुसऱ्या कंपनीमार्फत खाजगीत विकली गेली, बातम्यांप्रमाणे पहिल्या बोलीच्या निम्म्याच्या आसपास. त्यानंतर महागड्या चिनी वस्तूंवर बोली लावायची तर आधी अनामत ठेवा, ही अट मोठ्या कंपन्यांमध्ये रुळली.

किंमत कशाने चढते ते कोंबडीच्या पेल्यावरून समजतं. छंगह्वाच्या काळातला, आठ सेंटीमीटर रुंदीचा, कोंबडा-कोंबडी-पिल्लं रंगवलेला दारूचा पेला. तुमच्या तळहातावर बसेल एवढा. असे वीसही पेले माहीत नाहीत. एप्रिल २०१४मध्ये हाँगकाँगला तो २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला शांघायच्या ल्यू यीछ्येन यांनी घेतला. त्यांनी त्यातून चहा प्यायल्याचा फोटोही गाजला. हाच पेला १९९९मध्ये २ कोटी ९० लाख हाँगकाँग डॉलरच्या आसपास गेला होता, त्याआधी १९८०मध्येही लिलावात आला होता. कोणाकडून कोणाकडे गेला ती साखळी अर्धशतकाहून अधिक काळ कागदावर आहे. बोली लावणारा त्या साखळीला हात धरून पुढे सरकतो. साखळी तुटलेली असेल तर त्याच मातीचं, त्याच रंगांचं भांडं त्याला परकं वाटतं.

म्हणून ताई, तुमच्या घरात आत्ता सगळ्यात मौल्यवान काय असेल तर सासूबाईंची आठवण. त्या ८६ वर्षांच्या आहेत. त्यांनी तुमच्या आजेसासऱ्यांना पाहिलंय, शेटजींचं नाव त्यांना माहीत असेल, वाडगा कोणत्या साली, कशाच्या निमित्ताने आला, तेव्हा त्याबरोबर आणखी काय होतं, कोणत्या कपाटात ठेवत, १९६०च्या सुमारास घरात लग्नाचे फोटो निघाले त्यात मागे दिसतो का, हे सगळं त्यांना विचारा. "विकायचाय म्हणून" विचारू नका. वाडगा समोर ठेवून, चहा घेऊन बसा आणि फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. पेढीची जुनी चिठ्ठी, पगाराचा कागद, निरोप समारंभाचा फोटो, काहीही सापडलं तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, कागदी पाकिटात ठेवा. वाडगा निर्यातीचा निघाला तरी हे कागद त्याला इतर शंभर वाडग्यांहून वेगळं करतील.

सासूबाईंच्या नकाराला मी हट्ट म्हणणार नाही. वाट्याचं दिरांचं गणितही दिसतं तितकं सरळ नाही. आजेसासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या सगळ्या मुलामुलींचा हक्क येतो, म्हणजे चुलतसासरे आणि आत्तेसासूही त्यात आल्या. तुमच्या सासऱ्यांच्या हिश्श्यात पुन्हा सासूबाई, दोन्ही मुलगे आणि नणंद असेल तर ती, सगळे सारखे. विकायचं ठरलंच तर वकिलाकडून हे आधी कागदावर घ्या. तोवर अर्धा-पाव करत बसून घरात बोलाचाली होऊ देऊ नका. ज्या वस्तूची किंमत कुणालाच ठाऊक नाही तिचे वाटे कसले पाडायचे?

पारख करून घ्यायला पहिल्यांदा म्युझियममध्ये जा, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातली चिनी भांडी तिथे आहेत. वाडगा नेऊ नका, नुसते डोळे घेऊन जा. तासभर तिथल्या गुलाबी मिन्याच्या भांड्यांसमोर उभ्या राहा आणि घरी येऊन पुन्हा आपला वाडगा पाहा. किती गोष्टी नव्याने दिसतील! संग्रहालयं किमती सांगत नाहीत, पण तिथल्या अभ्यासकांना फोटो पाठवून विचारता येतं. वस्तू पुरावस्तू ठरते का, तिची नोंद लागते का, याची चौकशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या मुंबई कार्यालयात करा. आणि विकायचंच ठरलं तर परवाना असलेल्या भारतातल्या लिलाव कंपनीकडेच. घेणाऱ्यालाही वस्तू बाहेर नेता येत नाही, म्हणून इथला भाव हाँगकाँगसारखा नसतो, हे आधीच मनाशी धरा.

त्या मेसेजला उत्तर देऊ नका. मेसेज पुसूही नका, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. यजमानांनी आधीच काही रक्कम भरली असेल तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. भाच्याला फेसबुकवरचे फोटो काढायला सांगा. त्यात घराचं दार, इमारतीचं नाव दिसत असेल तर आजच.

वाडगा मात्र उंच कपाटातून खाली घ्या. धुतलेल्या मऊ सुती कपड्यात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको. त्याच्या आत दुसरं भांडं ठेवू नका. पितांबरी, चिंच, राख यांपैकी कशानेही घासू नका, आणि टवका उडालेला असेल तर तिथे डिंक-चिकटपट्टी लावू नका.

मला तीन फोटो पाठवा. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एक अख्ख्या वाडग्याचा, एक अक्षरांचा, आणि एक बुडाच्या कड्याचा अगदी जवळून. आणि सासूबाई काय म्हणाल्या ते लिहून पाठवा. शेटजींचं नाव त्यांना आठवलं तर ते आधी.